सात वर्षांची उस्तवार

आमचे हे प्रचारक होते. धामणगाव बढ्याच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर एक गाव आहे, तिथे मिशननं दिलेल्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. मी मिशनच्या शाळेत लहान मुलींना शिकवायची. मूलबाळ झालं नाही. ख्रिस्ती घरं गावात सात-आठ, बाकी वस्ती बहुतेक कुणब्यांची. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर चालायचा. शाळा तपासायला साहेब यायचा तो अकोल्याहून, कधी थेट नागपूरहून. तेवढा दिवस सोडला तर सरकार म्हणून काही आमच्या गावात दिसत नसे.

मंडळीतल्या बाया अजूनही मला त्या सात वर्षांबद्दल विचारतात. मी टाळते. त्यांना ऐकायचं असतं की मी विश्वासाच्या बळावर सगळं निभावलं. तसं नव्हतं. कसं होतं ते आता लिहून ठेवते. या वयात लपवायचेही कष्ट होत नाहीत.

यांचं आयुष्य पायांवर गेलं. आठवड्याचे तीन बाजार ठरलेले. कडुनिंबाखाली उभं राहायचं, खंजिरी वाजवून एक भजन म्हणायचं, चार माणसं जमली की बोलायला लागायचं. बोलणं बहुतेक एकच असे. चांगली कामं करून करून माणूस देवापाशी पोचत नाही, देव आपण होऊन माणसापाशी येतो, माणसानं फक्त त्याच्यावर भरवसा टाकायचा. तारण विश्वासानं, कर्मानं नाही. बाजारातल्या लोकांना हे काही पटत नसे. एकदा मी सोबत होते तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "मंग आमी पुण्य करूच नाई काय, उपदेशक?"

"करा ना," हे म्हणाले. "पण मले सांगा, तुमच्या गोठ्यातला बैल तुमचा काऊन हाय? वखर ओढते म्हणून?"

"माह्या घरच्या गाईचा हाय म्हणून."

"वासरू होता, काई ओढत नव्हता, तवा कोनाचा होता?"

"माहाच."

"मंग तसंच हाय हे. आदी त्याचे होतो, मंग ओढतो."

लोकांनी माना हलवल्या. हा बैल यांचा आवडता होता. प्रत्येक बाजारात यायचा. मी तो इतक्या वेळा ऐकला की पुढेपुढे कान द्यायचंही सोडून दिलं.

पण असं सांगणारा हा माणूस स्वतः कधी बसला नाही. कोणाला तापासाठी कोयनेल दे, कोणाचा तहसिलीचा अर्ज लिहून दे, अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून मलकापूरच्या दवाखान्यात ने. पटकीच्या साथीत, ज्यांच्या घरचे लोक हात लावायला धजत नव्हते, अशी प्रेतं यांनी उचलली. घरी चहाचा कप बसून संपवलेला मला आठवत नाही. एकदा मी चिडून म्हणाले, "कामानं काही मिळत नाही असं गावभर सांगता. मग एक दिवस काही न करता घरी बसून दाखवा."

हे हसले. "बसलो तं गंज चढंन," म्हणाले, आणि निघून गेले.

थंडी सरत आली होती. शेवटच्या वेचणीचा कापूस घराघरांत येऊन पडला होता. सकाळी हे ओट्यावर बसून वहाणेचा बंद बांधत होते, मी आत भाकरी थापत होते. बराच वेळ झाला तरी जायची चाहूल लागेना म्हणून बाहेर आले. बंद हातात तसाच होता. हे आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, तो दुसऱ्या कोणाचा असावा तसं. मी विचारलं काय झालं. तोंडातून आवाज आला, पण शब्द आला नाही. मग हे एका अंगावर कलंडले.

मलकापूरहून डॉक्टर आले. म्हणाले, लकवा आहे. उजवी बाजू गेली, जीव राहील. बोलणं थोडंफार परत येईल, चालणं येईल असं वाटत नाही. मोजकं बोलणारा, चांगला माणूस होता. जाताना मला बाजूला घेऊन त्यानं एवढंच विचारलं, "बाई, घरात आणखी कोण आहे?" मी म्हणाले, कोणी नाही. त्यानं मान खाली घातली.

पहिले दोन-तीन महिने घर माणसांनी भरलेलं असायचं. रविवारी उपासना झाली की सगळी मंडळी आमच्याकडे यायची, खाटेभोवती उभं राहून भजन म्हणायची, प्रार्थना करायची. आजूबाजूच्या गावांतूनही लोक आले. कोणी सांगितलं, कबुतराच्या रक्तानं अंग चोळा. कोणी मालकांगणीचं तेल आणून दिलं. ते तेल मी वर्षभर चोळलं. हळूहळू माणसं कमी झाली. त्यांना दोष देत नाही. प्रार्थना करून माणूस उठत नाही हे दिसलं की प्रार्थना करणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. वर्षाच्या आत रविवारी येणारे फक्त पाळकसाहेब उरले, तेही महिन्यातून एकदा, कारण त्यांना आणखी पाच गावं होती.

माझा दिवस असा असे. पहाटे उठून यांच्या खालचं घाणीचं खापर काढायचं, कापडं बदलायची, अंग पुसायचं, कूस बदलायची. मग चूल. पेज पाजायला अर्धा तास लागे, घाई केली की ठसका लागे. मग शाळा. दुपारच्या सुट्टीत धावत घरी, पुन्हा कापडं, पुन्हा कूस. शाळा सुटली की नदीवर ती कापडं धुवायची. गावच्या बाया वरच्या अंगाला धुवायच्या, मी खाली. संध्याकाळी तेच परत. हे मी यादी म्हणून सांगत नाही. यात मधे काही येतच नसे, एवढंच सांगायचं आहे.

यांना उचलणं मला एकटीला जमत नव्हतं. उंच, हाडापेराचा माणूस, आणि अर्धं अंग मेलेलं. एक दिवस कूस बदलताना हे माझ्या हातून सटकले आणि खाटेच्या खुरावर डोकं आपटलं. मी ओरडले असेन. आमच्या घरामागे एका पाटलाचं घर होतं. पाटील वारले होते, पाटलीणबाई मुलगा-सुनेजवळ राहायच्या. त्या परसातून आल्या आणि दारात थांबल्या. आमच्या घरात त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. यांचे वाडवडील कोणत्या वस्तीतून ख्रिस्ती झाले ते गावाला ठाऊक होतं. मग पदर खोचून त्या आत आल्या.

"तुमी डोक्याकून धरा, मी पायाकून धरतो," त्या म्हणाल्या. तिकडे बायाही असंच बोलतात. आम्ही दोघींनी यांना खाटेवर घेतलं.

"रोज कसं करता एकट्या?" त्यांनी विचारलं.

"करते कसं तरी."

"एकटीनं होत नाई हे. आमच्या घरच्यायलेबी असाच लकवा मारला होता. दोन वर्स केलं म्या." मग त्या यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या येतो याच टायमाले."

आणि त्या आल्या. त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं, माहेरी किंवा लग्नकार्याला गेल्या तेवढे दिवस सोडून, रोज सकाळी शाळेच्या आधी त्या यायच्या. यांना उचलायच्या, कूस बदलायच्या, कधी मला उशीर होत असला तर कापडंही बदलायच्या. आणि घरी गेल्या की विहिरीवर अंघोळ करायच्या. डोक्यावरून. पौष महिन्याच्या थंडीतसुद्धा. आमच्या परसातून ते पाणी पडताना ऐकू यायचं. आमच्या घरचं पाणी त्या शेवटपर्यंत प्यायल्या नाहीत.

सुरुवातीला त्या पाण्याच्या आवाजानं माझ्या अंगाची आग व्हायची. वाटायचं, उद्या सांगावं, येऊ नका. पण उद्या सकाळी त्या दारात दिसल्या की तोंडातून शब्द निघत नसे. मला त्यांच्या हातांची गरज होती. मंडळीतल्या ज्या भावाबहिणींबरोबर मी एका पेल्यातून प्रभुभोजन घ्यायची, त्यांच्यातलं कोणी सकाळी येत नव्हतं. हे बरोबर की चूक, याचा विचार करण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. मी डोक्याकडून धरायची, त्या पायाकडून.

दुसऱ्या वर्षी यांना थोडं बोलता येऊ लागलं. एकेक शब्द, मधे मोठा खंड, ओठ एका बाजूनं ओढलेले. मला वाटलं होतं, बोलता यायला लागलं की हे आधी प्रार्थना करतील. एक दिवस नदीवरून आले तेव्हा यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात पोचत नव्हता.

"काय झालं? दुखतं का?"

"मी... बेकार," हे म्हणाले.

"असं काय बोलता."

"देवाले... काय... उपेग?"

मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. कापडं धुऊन मी नुकती टेकले होते. मी म्हणाले, "जन्मभर लोकांना काय सांगितलं? वासरू काही ओढत नव्हतं तेव्हाही धन्याचंच होतं ना? मग आता स्वतःलाच पटत नाही?"

हे छताकडे बघत म्हणाले, "तवा... मी... काम करत होतो. तवा... सोपं होतं." थोड्या वेळानं आणखी म्हणाले, "बैल बसला... का... बाजार."

आमच्याकडे बसलेल्या बैलाला बाजार दाखवतात, विकून टाकतात, हे खरं होतं. पण सगळे दाखवत नाहीत. मी तसं म्हणाले. यांनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर यांनी धोशाच लावला. काम दे. काही तरी काम दे. डावा हात चालत होता. मी एका सुपात थोडी तूरडाळ घालून खाटेवर ठेवली आणि खडे निवडायला सांगितले. पावशेर डाळ निवडायला दोन तास लागले. मधे सूप कलंडलं, डाळ खाटेखाली गेली. ती मी गोळा केली, धुतली, वाळवली, पुन्हा निवडली. म्हणजे यांच्या कामानं माझं काम वाढलं. तरी दुसऱ्या दिवशी मी सूप ठेवलं. तिसऱ्या दिवशीही. हे डाळ निवडत असताना चेहऱ्यावर जे येई, ते बाजारात भाषण करतानाही मी पाहिलं नव्हतं. भीती होती ती. एकही खडा राहू नये म्हणून जीव टांगणीला लागलेला. तारण कर्मानं नाही असं वीस वर्षं सांगणारा माणूस पावशेर डाळीवर आपलं देणं फेडू पाहत होता, असं मला तेव्हा वाटलं. आणि त्याची मला कीव आली नाही. मी फार थकले होते.

चौथ्या वर्षी जर्मनीशी लढाई सुरू झालेली होती. रॉकेल मिळेना, म्हणून अंधार पडायच्या आत सगळं उरकावं लागायचं. त्याच सुमारास पाळकसाहेबांनी एका रविवारी भर उपासनेत माझं नाव घेऊन सांगितलं की जिवंत विश्वास कसा असतो ते पाहायचं असेल तर या बहिणीकडे पाहा. सगळ्यांनी वळून पाहिलं. मी पुढच्या चटईकडे बघत राहिले. मी दीड-दोन वर्षांत प्रार्थना केली नव्हती. डोळे मिटले की झोप लागायची, आणि झोप लागली नाही तर डोळ्यांपुढे कापडं यायची. देव आहे की नाही असा प्रश्न मला पडला नाही. तेवढाही उत्साह नव्हता. ज्या खोलीत कोणीतरी असायचं तिथून ते माणूस कधी निघून गेलं हे मला कळलंच नव्हतं.

उपासना झाल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं.

"माझं नाव पुन्हा असं घेऊ नका," मी म्हणाले.

"का बाई? खोटं सांगितलं का मी?"

"माझ्यात विश्वास नाही उरलेला. मी प्रार्थना करत नाही."

ते भले गृहस्थ होते. हसून म्हणाले, "तुमची सेवा हीच तुमची प्रार्थना. झाडाला फळ दिसतंय म्हणजे मुळं आहेतच."

"मी ते चिडून करते, साहेब. दात-ओठ खाऊन करते. ते फळ कसलं?"

"थकवा आहे हा. प्रभू सामर्थ्य देईल," म्हणाले, आणि पुढच्या गावाच्या गाडीत बसले.

मी त्यांना सगळं सांगितलं नव्हतं. सगळं आता सांगते.

त्याच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. दुपारच्या सुट्टीत मी घरी गेले नाही. शाळेत काही काम नव्हतं. मुली घरी जेवायला गेल्या, मी वर्गात भिंतीला टेकून बसले. यांच्या खालचं कापड आतापर्यंत ओलं झालं असेल, हे मला पक्कं माहीत होतं. मी तरीही बसले. मुली परत आल्या, शिकवलं, शाळा सुटली, मुली गेल्या, तरी बसले. मनात काही चाललेलं नव्हतं. फक्त उठायचं नाही एवढंच. उन्हं फळ्यावरून खाली उतरली तेव्हा उठले.

घरी आले तर यांच्या अंगाखाली कोरडं कापड होतं, घाण कापड बाहेर पाण्यात टाकलेलं होतं. पाटलीणबाई दारात बसून होत्या. पुढे काही दिवसांत यांच्या कमरेखाली कातडी सोलवटली आणि ती जखम भरायला पावसाळा उजाडला. ती त्या दुपारची होती, दुसऱ्या कशाची नव्हती. कडुनिंबाच्या पाण्यानं मी ती रोज धुवायची तेव्हा प्रत्येक वेळी मला ते माहीत असायचं.

"शाळेत काम होतं काय, बाई?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"हो."

"असंन." त्या उठल्या, पदर सारखा केला. जाताजाता थांबून म्हणाल्या, "मी तं एक डाव तीन रोज माहेरी जाऊन बसली होती. कोनाले न सांगता. आमच्या घरचे इथीसा हागूनमुतून पडले होते." मग त्या गेल्या, आणि थोड्या वेळानं विहिरीवर पाणी पडल्याचा आवाज आला. त्या दिवशी मला त्या आवाजाचा राग आला नाही.

पाळकसाहेबांनी माझं नाव घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी, यांचं अंग पुसताना मी सांगून टाकलं. "त्या दिवशी शाळेत काम नव्हतं. मी मुद्दाम आले नाही."

हे म्हणाले, "मालूम हाय."

"कसं?"

"पोरी... घरी जातानी... आयकल्या."

म्हणजे शाळा सुटलेली ऐकून हे दोन तास ओल्यात पडून होते, आणि मी मुद्दाम येत नाही हे यांना कळलेलं होतं. मला वाटलं आता रडू येईल, पण आलं नाही. मी म्हणाले, "आणि मी प्रार्थना करत नाही आता. दीड-दोन वर्षं झाली. तुम्हाला म्हणून सांगते."

यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. त्या हातात डाळ निवडून निवडून बरी ताकद आली होती. "तुह्या वाटचं... मी करतो," हे म्हणाले. "तू... माह्या वाटचं... करून राह्यली ना."

ऐकायला गोड वाटेल. मला तेव्हा वाटलं नाही. मनात आलं, खाटेवर पडून भरवसा टाकणं फुकटात होतं, कापडं धुवायला हात लागतात. मी मनगट सोडवून घेतलं आणि पाणी फेकायला बाहेर गेले.

पण दुसऱ्या दिवसापासून, मी अंग पुसत असताना हे मोठ्यानं प्रार्थना करू लागले. एकेक शब्द. एका वाक्याला एक पाय पुसून व्हायचा. आधी माझ्या पायांच्या भेगा, मग शाळेतल्या मुली, मग मंडळीतली ज्यांची नावं आठवतील ती माणसं, मग गावातली. पाटलीणबाई असल्या तर त्या पाय धरून गप्प उभ्या राहायच्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "माह्या सुनेसाठी सांगा न तुमच्या देवाले. दोन डाव पोट पडलं तिचं. आता तिसऱ्यांदा रायली हाय."

यांचे डोळे चमकले. मी पाटलीणबाई गेल्यावर म्हणाले, "मिळालं ना पुन्हा काम?"

हे हसले. लकव्यानंतर पहिल्यांदाच मोठ्यानं हसले, लाळ गळेपर्यंत. "हाव," म्हणाले. "पण हे... डाळीवानी... नाई. हे... मोजता येत नाई."

खरंच, त्या दिवसांत सूप मागणं बंद झालं. मला ते कित्येक आठवड्यांनी लक्षात आलं.

पाटलीणबाईंच्या सुनेसाठी यांनी सहा महिने रोज मागणं केलं. पोर जन्माला आलं, मुलगी झाली, आणि अकराव्या दिवशी गेली. मी शाळेत होते, तिथे मला कळलं. घरी येऊन यांना सांगितलं. मला वाटलं, पाटलीणबाई आता येणार नाहीत, आणि न येवोत, कारण त्यांच्या डोळ्याला डोळा मी कशी देणार होते.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी त्या आल्या. डोळे सुजलेले. "धरा," म्हणाल्या आणि पायाकडे गेल्या.

हे रडायला लागले. "मी... मांगतलं होतं... मी..."

"मांगतलं तं खरं तुमी," पाटलीणबाई म्हणाल्या. "देल्लं नाई त्यानं. तुमचा काय दोष त्याच्यात?" आणि त्यांनी यांचे पाय उचलले.

त्या दिवशी यांनी प्रार्थना केली नाही. मला वाटलं, संपलं आता, हेही माझ्यासारखेच झाले. मला त्याची भीती वाटली, हे मी सांगितलं पाहिजे. इतके दिवस मी ज्याला फुकटचं म्हणत होते ते थांबलं तर घरात काही उरणार नाही, असं वाटलं. त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पाणी घेऊन आले तर हे आधीच सुरू झाले होते. पहिलं नाव पाटलीणबाईंच्या सुनेचं होतं. मागणं काही नव्हतं, नुसतं नाव. दोनदा, तीनदा. मी फडकं पिळून तशीच उभी राहिले. दाखवायला काहीही नसताना हा माणूस पुन्हा त्याच दारात जाऊन बसला होता. जन्मभर जे सांगितलं ते यांना आता कुठे पटलं होतं, आणि तेही असं पोर मेल्यावर. पाणी निवत होतं, अंग पुसायला घेतलं.

सातव्या वर्षी उन्हाळ्यात हे गेले. शाळेला सुट्टी होती. दुपारी मी आंबील भरवत होते. दोन चमचे गिळले, तिसरा गालात तसाच राहिला. मी वाट बघितली, वाटलं, ठसका लागेल. लागला नाही. पाटलीणबाईंना हाक मारली. त्या आल्या, नाकाशी बोट धरलं, आणि म्हणाल्या, "सुटले, माय." आम्ही दोघींनी यांना शेवटची अंघोळ घातली. माझे हात सवयीनं चालले. कूस बदलून पाठ पुसली तेव्हा ती जुनी जखम दिसली, पांढरी पडलेली.

दफनाला चार गावांतून माणसं आली. पाळकसाहेबांनी कबरीवर सांगितलं की हा भाऊ कर्मानं नव्हे, विश्वासानं तरला. गावातल्या बाया मला धरून घरी आणताना म्हणाल्या, "बाई, तुले लय पुन्य लागलं. अशी सेवा कोनी करत नाई." मी दोन्ही ऐकलं. दोन्हीतलं एकही खोटं म्हणायची मला ताकद नव्हती. पण माझ्या मनात मी वर्गात भिंतीला टेकून बसलेली दुपार होती. पुण्य असेल तर ती कुठे ठेवायची? आणि यांचा विश्वास म्हणावा, तर त्या विश्वासाच्या अंगाखालचं कापड सहा वर्षं आम्ही दोघींनी बदललं, आणि त्यातली एक तर आमच्या देवाचं नावही घेत नव्हती.

त्यानंतर मी झोपले. खरंच सांगते, दोन महिने मी बहुतेक झोपूनच काढले. शाळा उघडली तशी जाऊन आले, आणि पुन्हा झोपले. पाटलीणबाई कधी परसातून डोकावायच्या, "जेवल्या काय?" विचारायच्या आणि जायच्या. सकाळी त्यांच्या यायच्या वेळेला माझे हात आपोआप पुढे व्हायचे आणि मग काही नसल्यामुळे मांडीवर पडायचे.

मिशननं माझी बदली मेहकरच्या अंगाच्या एका गावात केली. तिकडची बोली वेगळी, माणसं अनोळखी. मला ते बरं वाटलं. पहिल्या रविवारी उपासना झाल्यावर बायांची सभा बसली. प्रचारकाची विधवा, सात वर्षं सेवा केलेली, असं कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं होतं. त्यांनी मला पुढे बसवलं आणि म्हणाल्या, "बाई, आज तुम्हीच प्रार्थना चालवा."

मी उठून उभी राहिले. शब्द मला सगळे पाठ होते. प्रचारकाच्या बायकोला ते झोपेतही येतात. पण ते म्हणायचे नाहीत असं मला वाटलं. मी म्हणाले, "मला येत नाही आता. बऱ्याच वर्षांत केलेली नाही. तुमच्यातल्या कोणी माझ्यासाठी कराल का?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मागे भिंतीपाशी बसलेली एक म्हातारी, जिला अक्षर येत नव्हतं, ती बसल्या जागेवरूनच बोलायला लागली. देवा, ही बाई थकली आहे, तिला बसू दे, एवढंच ती दोनतीनदा म्हणाली. मी खाली बसले, डोळे मिटले. झोप आली नाही. तिचं संपेपर्यंत मी ऐकत राहिले.